गोव्याच्या परसात बियांपासून लिकुआला पाम

माड, पोफळ आणि भेर्ला माड यांच्या सहवासात वाढलेल्या आपल्या डोळ्यांना लिकुआला ग्रँडिस हे झाड प्रथम खरेच वाटत नाही. त्याचे पान जवळजवळ पूर्ण गोल असते, ताडाच्या पानासारखे बोटाबोटांत चिरलेले नसते, आणि देठापासून कडेपर्यंत त्याला छत्रीच्या कापडासारख्या नेटक्या घड्या असतात. कडेला तेवढे बारीक दाते दिसतात. चांगल्या वाढलेल्या झाडाचे एक पान हातभर रुंद तर सहज होते, क्वचित त्याच्या दुप्पटही. खोड एकच, बारीक आणि काथ्यासारख्या धाग्यांनी वेढलेले असते, आणि त्याची उंची बहुधा दोन ते तीन मीटरपलीकडे जात नाही. त्यामुळे ज्यांचे आवार लहान आहे आणि ज्यांना झावळ्या घरावर पडण्याची धास्ती नको आहे, त्यांच्यासाठी पामांमध्ये याहून सोयीचे झाड मला ठाऊक नाही.

हे झाड मूळचे पॅसिफिक महासागरातील वानुआतू बेटांवरचे आणि त्यांच्या उत्तरेला असलेल्या सांताक्रूझ बेटांवरचे आहे. तेथील दाट पर्जन्यवनात उंच वृक्षांच्या सावलीत ते वाढते. वानुआतू विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे 13 ते 20 अंशांवर पसरले आहे आणि आपला गोवा उत्तरेला सुमारे 15 अंशांवर आहे. म्हणजे उष्णतेच्या बाबतीत या झाडाला येथे परके वाटण्याचे कारण नाही. फरक आहे तो पावसाचा. तिथे पाऊस कमीअधिक प्रमाणात वर्षभर पडतो, तर आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जांभ्या दगडाची जमीन हळूहळू तापून कोरडी होत जाते. लिकुआला वाढवणाऱ्याचे बहुतेक सर्व काम या आठ महिन्यांत असते. बी रुजवण्यापासून मोठ्या झाडापर्यंत जे जे पुढे सांगितले आहे, त्याच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे.

बी कोठून घ्यावे

नाव सांगून बी मागितले तर फसगत होण्याची शक्यता असते, कारण ‘फॅन पाम’ या नावाखाली लिव्हिस्टोना आणि वॉशिंग्टोनिया ही वेगळीच झाडेही विकली जातात. त्यांची पाने चिरलेली असतात, ती उन्हात वाढतात आणि पुढे पुष्कळ उंच होतात. लिकुआला या प्रजातीतही दीडशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी लिकुआला पेल्टाटा ही आपल्या ईशान्य भारतात आणि अंदमानात निसर्गतः वाढते, पण तिचे पान बहुधा पाचरीच्या आकाराच्या तुकड्यांत विभागलेले असते. म्हणून शक्य असेल तर ज्या झाडाचे बी घ्यायचे, ते झाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

या झाडाची फुले द्विलिंगी असतात, त्यामुळे आवारात एकच झाड असले तरी त्याला फळे धरू शकतात. फळ वाटाण्याहून थोडे मोठे आणि गोल असते. ते आधी हिरवे असते आणि पिकल्यावर लालभडक होते. एका फळात एकच बी असते. पूर्ण लाल झालेली आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने घोसातून सुटणारी फळेच घ्यावीत. अर्धवट नारिंगी फळे घरी आणून पिकवण्याचा प्रयत्न करू नये, कारण आतला गर्भ पक्व झालेला नसतो. चवथीच्या दिवसांत असा घोस लालसर होऊ लागलेला दिसला, तर माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताला, बांधण्यासाठी तो कापून नेण्याचा मोह घरात कोणाला तरी होतोच. माटोळीची हौस मलाही आहे, परंतु बी हवे असेल तर घोस झाडावरच राहू द्यावा.

या बियांचा स्वभाव भाताच्या किंवा भाजीच्या बियांहून अगदी उलटा आहे. भाताचे बी वाळवले तर टिकते, लिकुआलाचे बी वाळले की मरते. ते फ्रीजमध्येही ठेवू नये, कारण उष्ण प्रदेशातील पामांच्या बियांना थंडीही सोसत नाही. पहिल्या खेपेस मी टपालाने बी मागवले होते. कागदी पाकिटातून आलेले ते बी दिसायला स्वच्छ, टणक आणि देखणे होते. त्यातले एकही रुजले नाही. पुढे एक बी फोडून पाहिले तेव्हा आतला गाभा आक्रसून कवचापासून सुटलेला आढळला. ताज्या बियांचा गाभा पांढरा, घट्ट आणि कवचाला भिडलेला असतो. दहा-बारा बिया असतील तर त्यांतली एक परीक्षेसाठी खर्ची घालावी. पुढचे कित्येक महिने वाट पाहण्याआधी एवढी खात्री करून घेणे योग्य आहे. परदेशातून बी मागवायचे झाल्यास वनस्पती संगरोधाच्या नियमांनुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि या सोपस्कारांत जो वेळ जातो त्यात बी सुकते. फोंड्याकडच्या नातलगांच्या परसातली वीस फळे मला परदेशी पाकिटाहून अधिक मोलाची वाटतात.

बी स्वच्छ करणे आणि भिजवणे

फळाचा गर काढल्याशिवाय बी पेरू नये. गरामुळे उगवण लांबते, शिवाय त्यावर बुरशी धरते आणि मुंग्या लागतात. फळे दोन दिवस पाण्यात ठेवली की साल मऊ होते. मग ती वाळूबरोबर तळहातांत चोळावीत आणि चाळणीत धुवावीत. पामची फळे हाताळताना रबरी हातमोजे घालण्याची सवय असलेली बरी. भेर्ल्या माडाची फळे उघड्या हाताने सोलून ज्यांनी त्या खाजेचा अनुभव घेतला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गर निघालेले बी आणखी एक ते दोन दिवस स्वच्छ पाण्यात भिजवावे आणि पाणी रोज बदलावे. विहिरीचे पाणी उत्तम; मात्र किनाऱ्यालगतच्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत विहिरींना खारटपणा येतो, त्या वेळी ते वापरू नये. दोन दिवसांनंतरही तरंगणारे बी बहुधा पोकळ असते, पण ते लगेच टाकून न देता वेगळ्या कुंडीत पेरून पाहावे. कवच घासून पातळ करण्याचा किंवा त्याला चीर देण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो मानत नाही. ताज्या बियांना त्याची गरज नसते आणि सुरी जरा जास्त लागली तर गर्भच कापला जातो.

पेरणी

हंगाम निवडण्याची मुभा असेल तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत पेरावे. उष्ण प्रदेशातील पामांच्या बियांना रुजताना साधारण 30 ते 35 अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि मार्च ते मे या काळात गोव्याची हवा ते विनासायास देते. एरवी आपल्याला नकोशी वाटणारी ती दमट उष्णता बियांना मात्र हवी असते. पण फळे पावसाळ्यात किंवा दिवाळीत पिकली, तर फेब्रुवारीची वाट पाहत बी ठेवून देणे ही मोठी चूक ठरेल. हंगामापेक्षा बियांचा ताजेपणा महत्त्वाचा आहे. थंडीच्या दिवसांत पेरलेले बी स्वस्थ पडून राहील, परंतु ओलाव्यात असेल तर जिवंत राहील आणि मार्चमध्ये जागे होईल.

पेरणीसाठी आपली तांबडी माती एकटी उपयोगी नाही. ती उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होते आणि पावसात तिचा चिखल होतो. दोन भाग काथ्याचा भुसा, म्हणजे बाजारात कोकोपीट म्हणून मिळतो तो, एक भाग नदीची जाडसर वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले कंपोस्ट असे मिश्रण मला सर्वांत चांगले वाटले आहे. काथ्याच्या भुशात मीठ असू शकते, म्हणून तो आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्यावा. ताजे शेण मुळीच घालू नये. त्याची उष्णता बियांना बाधते, आणि शेणाच्या खड्ड्यात माडांचा शत्रू असलेला गेंडा भुंगा अंडी घालतो, म्हणून ते कुंड्यांजवळ साठवणेही बरे नव्हे.

कुंडी पसरट न घेता खोल घ्यावी. यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. लिकुआलाचे बी रुजते तेव्हा बियांतून आधी एक बारीक, फिकट दांडी बाहेर पडते आणि खाली मातीत शिरते. तिच्या टोकापासून मूळ सुटते, आणि कोंब बियांतून न येता बियांपासून थोड्या अंतरावर त्या दांडीतून वर येतो. पृष्ठभागावर काहीही दिसत नसताना खाली कित्येक आठवडे हे काम चालू असते. उथळ भांड्यात ही दांडी तळाला टेकून वाकते. किमान 15 सेंटीमीटर खोल, तळाला भोक असलेली मातीची कुंडी किंवा रोपवाटिकेची काळी पिशवी घ्यावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन्ही मिळतात. भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा बाक वर करून ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी मात्र निघून जाते.

बी आडवे ठेवून त्यावर त्याच्याच जाडीएवढे, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर मिश्रण पसरावे. दोन बियांमध्ये तीन-चार बोटांचे अंतर असावे. मग कुंडीला पाणी द्यावे, ते पूर्ण निथळू द्यावे आणि कुंडीच्या तोंडावर पारदर्शक प्लॅस्टिक सैलसर बांधावे. कुंडी प्रकाश असलेल्या, पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी. सोप्यावरचा कोपरा, जिना किंवा न्हाणीच्या चुलीजवळची ऊबदार भिंत यांपैकी कोणतीही जागा चालते. उंदीर आणि घुशी बी उकरतात, म्हणून कुंडीवर तारेची जाळी घालणे आवश्यक आहे.

जागा कमी असेल तर दुसरी रीत अशी की, धुतलेला काथ्याचा भुसा मुठीत घट्ट पिळावा, म्हणजे हात ओला होईल पण थेंब गळणार नाही, आणि तो बियांसह बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत भरून ऊबदार जागी ठेवावा. पिशवी दर आठवड्याला उघडून हवा खेळू द्यावी आणि बुरशी धरलेली बी काढून टाकावी. दांडी दिसताच ते बी अलगद उचलून खोल पिशवीत लावावे. या रीतीत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते, हा तिचा मोठा गुण आहे. पण दांडी काचेच्या काडीसारखी मोडते, म्हणून हात हलका नसेल त्याने कुंडीच वापरावी.

वाट पाहण्याचा काळ

लिकुआलाचे बी दोन-तीन महिन्यांत रुजू शकते आणि वर्षही घेऊ शकते, आणि एकाच घोसातल्या बियाही एकदम रुजत नाहीत. माझ्या दुसऱ्या खेपेस तिसऱ्या महिन्यानंतर चार रोपे वर आली, मग पुढे काहीच घडेना. सातव्या महिन्यात मी ती चार रोपे हलवली आणि उरलेली माती अळूच्या वाफ्यात पालथी केली. दोन दिवसांनी पाहिले, तेव्हा त्या मातीत बोटभर मुळे फुटलेल्या पाच बिया मोडून पडलेल्या होत्या. त्या पाच रोपांची हळहळ मला आजही वाटते. तेव्हापासून पेरणीची तारीख मी रंगाने कुंडीवरच लिहितो, आणि वर्ष पूर्ण झाल्याशिवाय कुंडी रिकामी करीत नाही.

या काळात करायचे ते एवढेच की मिश्रण एकदाही सुकू द्यायचे नाही. वरचा थर बोटाला कोरडा लागला की पाणी द्यावे, पण खाली थाळी ठेवून तीत पाणी साचवू नये. पावसाळा लागला की धोका उलट बाजूने येतो. कुंडी पागोळ्यांखाली राहिली तर बी कुजते, म्हणून जूनच्या आरंभीच ती छपराखाली घ्यावी आणि प्लॅस्टिकचे आच्छादन काढून टाकावे.

रोपांची पहिली वर्षे

पहिले पान गोल नसते. ते अरुंद, पट्टीसारखे, लांबट घड्यांचे आणि टोकाला कातरल्यासारखे असते; ते पाहून आपण भलतेच झाड लावले की काय, अशी शंका नवख्या माणसाला येते. त्यानंतरची पाने थोडी थोडी रुंद होत जातात आणि गोल पंख्याचा आकार पुढे सावकाश दिसू लागतो. वर्षाला मोजकीच पाने येतात, आणि ही मंद चाल हाच या झाडाचा धर्म असल्यामुळे खताचा मारा करून ती वाढवू पाहू नये.

पहिले पान हाताएवढे झाले की रोप स्वतंत्र पिशवीत हलवावे. पावसाळ्यातले उघडिपीचे दिवस यासाठी चांगले, कारण हवेत दमटपणा असतो. मुळांभोवतीची माती झाडू नये आणि रोपाला चिकटलेले जुने बी तोडू नये. रोप अजूनही त्यातले अन्न घेत असते. मूळ जेथे खोडाला मिळते तो भाग मातीच्या पातळीवरच राहावा. पाम खोल लावला तर तो घुसमटतो, आणि त्याचा परिणाम महिन्यांनी दिसत असल्यामुळे कारण लक्षातही येत नाही.

रोपांना थेट ऊन नको. पन्नास टक्के सावली देणारी शेडनेट किंवा दाट झाडाखालची जागा योग्य. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यानंतर पडणारे कडक ऊन मला सर्वांत घातक वाटते, कारण चार महिने ढगांखाली वाढलेली कोवळी पाने त्याला मुळीच सरावलेली नसतात आणि एका दुपारीत त्यांवर पांढुरके करपलेले डाग पडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पूर्वेकडून येणारा कोरडा वारा पानांच्या कडा वाळवतो. तेव्हा कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात, खालची जमीन सकाळी शिंपडून ओली ठेवावी आणि वाऱ्याच्या बाजूला हळदीच्या किंवा आल्याच्या कुंड्यांचा आडोसा करावा.

खत म्हणून दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरते. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, आणि आपल्या पावसात तिच्यातले पालाश व मॅग्नेशियम वाहून जाते, तर पामांना या दोहोंची गरज मोठी असते. पालाश कमी पडले की सर्वांत जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके दिसतात आणि टोके वाळतात. मॅग्नेशियम कमी पडले की जुन्या पानाची कड रुंद पिवळी होते आणि मधला भाग हिरवा राहतो. लाकडाच्या चुलीतली चाळलेली राख चिमूटभर, दोन-तीन महिन्यांतून एकदा, मातीत मिसळली तर पालाश मिळते. अर्धवट पिवळे पडलेले जुने पान कुरूप दिसते म्हणून कापू नये. झाड त्यातलेच पालाश काढून नव्या पानाला देत असते, आणि ते पान गेले की पुढचे पिवळे पडू लागते.

कोरड्या दिवसांत पानाच्या खालच्या बाजूस लाल कोळी आणि घड्यांच्या खोबणींत पिठ्या ढेकूण आढळतात. आठवड्यातून एकदा पाण्याच्या बारीक फवाऱ्याने पाने दोन्ही बाजूंनी धुतली तर बहुतेक वेळा तेवढे पुरते. प्रादुर्भाव वाढलाच, तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि थोडे सौम्य साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे, तेही आधी एका पानावर फवारून पाहून. पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत रोपाचा कोंब खातात. त्यावर कंदील घेऊन त्या वेचण्याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

जमिनीत लावताना

रोपाला चार-पाच रुंद पाने आली, म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षानंतर, जूनमध्ये पाऊस स्थिरावला की ते जमिनीत लावता येते. ज्यांचे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे त्यांना जागा शोधावी लागत नाही. पाटाचे पाणी, गाळलेला प्रकाश आणि पातेऱ्याने, म्हणजे गळलेल्या पानांनी, झाकलेली जमीन तेथे आयतीच असते. फक्त माडाखाली लावू नये. वरून पडलेले एक चुडत, म्हणजे माडाची झावळी, चार वर्षांची पाने क्षणात मोडते, आणि पोफळीची विरीही कमी नुकसान करीत नाही. जायफळ, आंबा किंवा फणस यांच्या छायेच्या कडेला जागा धरावी. कुळागर नसेल तर घराच्या उत्तरेची किंवा पूर्वेची बाजू निवडावी, आणि भिंतीपासून निदान दीड मीटर अंतर सोडावे, नाहीतर एका बाजूची पाने भिंतीला घासून फाटतात. देठांच्या खालच्या भागाला काटे असतात, म्हणून मुलांच्या वाटेवरही हे झाड नसावे.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद करावा आणि निघालेल्या मातीत निम्मे कंपोस्ट मिसळून तो भरावा. जांभ्याचा कातळ लागला तर पाणी त्यात साचून राहते, म्हणून तेथे खड्डा न करता चिऱ्यांचा एक थर रचून उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे. लावल्यावर चार बोटे जाडीचा पातेरा पसरावा, मात्र तो खोडाला भिडवू नये. नोव्हेंबरपासून मेपर्यंत एक दिवसाआड भरपूर पाणी द्यावे. न्हाणीचे साबणाचे पाणी या झाडाकडे वळवू नये.

झाडाला तुरा आला आणि फळे धरली की ती रंग बदलू लागताच घोसाला जुन्या मच्छरदाणीची सैल पिशवी बांधावी, म्हणजे पक्षी आणि खारी फळे नेत नाहीत आणि सुटलेली फळे पिशवीतच राहतात. पिशवी दर आठवड्याला उघडून पडलेली फळे काढावीत आणि कोणाला बी द्यायचे असेल तर ते ओल्या काथ्याच्या भुशात गुंडाळून त्याच आठवड्यात पोहोचवावे.